ए नाही, बी नाही

प्रयोगशाळेत त्यांना सगळे फ्रीजरवाल्या मावशी म्हणत. रक्ताचे नमुने सांभाळणं हे त्यांचं काम. दवाखान्यात रक्त चढवल्यावर ज्यांना कावीळ होई, त्यांचे नमुने ए आणि बी या दोन विषाणूंसाठी तपासत. कित्येकांत दोन्हींपैकी एकही सापडत नसे. अशा ट्यूबवर मावशी चिठ्ठी लावत, ‘ए नाही, बी नाही’.

नवे साहेब आले तेव्हा म्हणाले, “मावशी, हा पसारा काढून टाका. जागा अडते.”

“माणसं काही उगाच आजारी पडली नाहीत, साहेब. कशाने पडली ते कळेपर्यंत राहू द्या की,” मावशी म्हणाल्या. साहेबांनी विषय सोडून दिला.

मावशींनी त्या ट्यूब बारा वर्षं डोळ्यात तेल घालून जपल्या. नवरा म्हणे, “मी तापाने फणफणलो तरी हिचा जीव त्या गारठ्यात.”

मग सी नावाचा नवा विषाणू सापडला आणि त्याची चाचणीही आली. साहेब स्वतः फ्रीजरच्या खोलीत आले.

“मावशी, आहेत ना हो अजून?”

“जाताहेत कुठे?”

एकशे चाळीसपैकी एकशे अठरा नमुन्यांत सी निघाला. मावशींनी दोन दिवस बसून त्या सगळ्यांवर नवी चिठ्ठी लावली. उरलेल्या बावीस ट्यूबचं काय करायचं, हे साहेबांनी या वेळी मावशींनाच विचारलं.

“त्यांचंही निघेल काहीतरी,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी त्या बावीस जणांना सगळ्यात वरचा कप्पा दिला.