पाच नावांची यादी

बहिणीच्या लग्नाच्या फोटोंची ऑनलाइन गॅलरी मी तयार केली. लग्न हिंगणीला आमच्या घरी झालं. फोटो वर्ध्याच्या एका स्टुडिओने काढले आणि त्या स्टुडिओत गॅलऱ्यांचं काम माझ्याकडे आहे. नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षं बातम्या संपादित केल्यावर मी हे काम घेतलं. काम अवघड नाही. फोटो चढवायचे, फोल्डर लावायचे, आणि कोणाला काय दिसेल ते नेमून द्यायचं.

ठरवतं अर्थात घर. स्टुडिओ एक फॉर्म पाठवतो, त्यात दोन याद्या असतात. पहिली घरच्यांची. तीत पाचच नावं बसतात. या पाच जणांना सगळं दिसतं, फोटो उतरवून घेता येतात, अल्बमसाठी निवडता येतात. दुसरी पाहुण्यांची. तीत कितीही नावं चालतात, पण त्यांना फक्त लग्न आणि रिसेप्शन, तेही नुसतं पाहायला. 'खासगी' नावाचं फोल्डर आहे हेसुद्धा त्यांना कळत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बहिणीने भरलेला फॉर्म माझ्या स्क्रीनवर आला. पाच नावं: ती, तिचा नवरा, आई, सासू, थोरली जाऊ. माझं नाव पाहुण्यांत होतं, एका मामेभावाच्या खाली आणि नवरदेवाच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी वर.

मी फॉर्म दोनदा वाचला. बातम्यांच्या डेस्कवर चुका अशाच सापडतात. ही चूक नव्हती.

खरं तर मला परवानगीची गरजच नव्हती. सगळ्या गॅलऱ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पण घरच्यांनी सांगितल्याशिवाय खासगी फोल्डर उघडायचं नाही, असा स्टुडिओचा नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे. या फोल्डरमध्ये लग्नानंतरचे दोन दिवस होते, नाचणगावचे, तिच्या सासरचे. त्या दोन दिवसांत मी तिथे नव्हते. फोटो चढवताना नखाएवढी चित्रं सरकत जातात, तेवढीच दिसली. एकात बहीण ओट्याशी उभी होती, दोन्ही हात पिठाचे, आणि थोरली जाऊ तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. बारावीपर्यंत बहिणीची वेणी मी घातली आहे.

दोन्ही याद्यांना लिंक गेल्या. कोणी कधी गॅलरी उघडली, कोणत्या फोटोवर निवडीची खूण केली, हे मला दिसतं. आई रोज एकदा उघडायची आणि खूण न करता बंद करायची. नवरदेवाने एकदाच पाहिलं. जाऊ रोज दुपारी दोन ते चार. दोन सारखे फोटो असले तर ज्यात मागच्या रांगेत कोणाचे डोळे मिटलेले नाहीत, तोच ती घ्यायची. मीही तोच घेतला असता. हे लक्षात आल्यावर मी स्क्रीन बंद केली.

चौथ्या दिवशी मी जावेचं नाव पहिल्या यादीतून काढून दुसरीत टाकलं. दोन क्लिकचं काम. रिकाम्या झालेल्या पाचव्या जागेत माझं नाव घातलं नाही. ती चोरी झाली असती, असं मला वाटलं. जे केलं होतं त्याला काय म्हणायचं, ते मी ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"ताई, मी नाचणगावहून बोलून राह्यली. ते घरातले फोटू मले दिसूनच नाई राह्यले. नुसतं लग्न दिसते. अन् निवडायचं बटणही गायब आहे. माह्याकून काही दाबल्या गेलं का?"

"नाही. सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे."

"असं का. मले वाटलं, माहीच काही चूक झाली."

"तुमची काही चूक नाही."

"मंग ठीक आहे. सर्व्हर सुधरला की सांगजा, घाई नाई. जेवल्या का तुमी?"

जेवले, असं मी सांगितलं. जेवले नव्हते.

संध्याकाळी तिचं नाव मी परत वर नेलं. तेव्हा स्क्रीनच्या तळाशी एक ओळ वाचली. ती तिथे नेहमीच असणार. घरच्यांच्या यादीतून कोणाला खाली आणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, म्हणून वाचली नव्हती. बदलाची सूचना संबंधित व्यक्तीला ई-मेलने पाठवली आहे. आतापर्यंत गेलेल्या सूचनांची यादी मी उघडली. पहिल्या बदलाचीही होती, दोन ओळींची. आपल्याला पाहुण्यांच्या यादीत हलवण्यात आले आहे. बदल करणाऱ्याचे नाव: आणि पुढे माझं नाव, आडनावासकट. मेल उघडल्याची वेळही नोंदलेली होती. फोनच्या दोन तास आधीची.

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला. सर्व्हर सुधरला, धन्यवाद ताई.

त्यानंतर मी बहिणीच्या फोनची वाट पाहिली. तिला कळलं असेल तर ती काय बोलेल, याची दोन-तीन वाक्यं मी मनात तयारही केली. आठवड्याने फोन आला.

"ताई, हळदीकुंकवाले येजो. माही पयली संक्रांत आहे."

"येते."

"येते म्हणते अन् स्टुडिओतच बसून राह्यते तू. नक्की ये."

"फोटो पाहिले का?"

"मी कायले पाहू? अल्बमचं सारं ताईच पाहून राह्यली." ताई म्हणजे जाऊ. दीड महिन्यापूर्वीपर्यंत तिच्या तोंडी हा शब्द एकाच व्यक्तीसाठी होता.

"पाचात माह्यं नाव काऊन नाई टाकलं?"

"तुह्याजवळ त साऱ्या चाब्याच आहेत! बह्याडच आहे तू." ती हसली.

उत्तर बरोबर होतं. मला लागलेलं त्याने कमी झालं नाही. तिला काही कळलेलं नाही, एवढं मात्र समजलं.

हळदीकुंकवाचं बोलावणं तीनचं होतं. मी साडेचारला नाचणगावला पोहोचले. बहीण हलव्याचे दागिने घालून बायकांना कुंकू लावत होती. "आली का!" म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली. टेबलावर अल्बम होता. एक म्हातारी बाई पानं उलटत म्हणाली, "कोणं निवडले वं हे? एकाचेबी डोये मिटले नाई."

"निवडले मी," थोरली जाऊ म्हणाली, "पण मधात सर्व्हर बंद पडलता. या ताईनंच सुरू करून देल्ला. बह्यनीच्या मागं किती करते पाहा."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बहिणीनेही पाहिलं.

थोरली जाऊ आत गेली तशी मीही गेले. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. ती ताटात तिळाचे लाडू लावत होती.

"सर्व्हर बंद पडला नव्हता," मी म्हणाले.

"मेल आलता मले."

"मग बहिणीला सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तुमी आज आल्या असत्या का?" तिने लाडूंची दुसरी ओळ सुरू केली. "अन् ते पोट्टी तीन वाजतापासून दाराकडं पाहून राह्यली होती. कुंकू कोणाच्या नाकाले लावलं, कोणाच्या गालाले. दोनदा मले फाटकापाशी पाठवलं तिनं, तुमी दिसता का पाहाले."

फाटकापाशी पाठवायला बहिणीला ही सापडली होती. आणि ती माझी वाट पाहत होती, हे मला हिच्याकडून कळत होतं.

"द्या," मी म्हणाले आणि ताट घेतलं. बाहेर बहिणीने ते माझ्या हातून घेतलं, मला कुंकू लावलं, आणि विचारलं, "ताई कुठं आहे?"

आत आहे, असं मी सांगितलं.