चंद्रभान आबांच्या गाडीतली लहान सीट

चंद्रभान आबांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात उभा जन्म जीप चालवली. साहेब बदलले, जिपा बदलल्या, पण आबांच्या हाती असलेल्या गाडीला कधी साधा ओरखडा गेला नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. कॉलनीत कोणी नवी गाडी घेतली की नारळ फोडायला भटजी आणि पहिला फेरा मारायला आबा, असा रिवाजच पडून गेला होता.

निवृत्तीनंतर मात्र त्यांना घर खायला उठलं. आणि घरात बसलेले आबा त्यांच्या बायकोला, शामलाबाईंना, खायला उठले. "अजी, तुम्ही कुठंतरी जात जा बरं," त्या एक दिवस म्हणाल्या. "कुकर किती शिट्ट्यांवर बंद करायचा, तेही मले शिकवून राहिले तुम्ही."

म्हणून आबांनी कोराडी रोडवरच्या बालघरात गाडी चालवण्याचं काम धरलं. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, अशी लहान लेकरं या बालघरात राहायची. त्यांना गावाहून आणायचं, दवाखान्यात न्यायचं, बालकल्याण समितीपुढे हजर करायचं, या सगळ्यासाठी संस्थेची एक जुनी पांढरी व्हॅन होती. पहिल्या महिन्यातच लेकरं त्यांना 'गाडीवाले आबा' म्हणू लागली आणि आबांच्या खिशात फुटाणे कायमचे राहायला आले.

रितिका ही तिथली समाजसेविका. वयानं लहान, पण कामाला वाघीण. लेकरांना आणायला-न्यायला आबांसोबत तीच जायची. गाडीत लहान मुलांच्या सीटा हव्यात, म्हणून ती वर्षभर संस्थेच्या मागे लागली होती. एका बैठकीत तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा संस्था चालवणाऱ्या शोभाताईंनी आबांनाच बोलावून विचारलं, "चंद्रभानजी, गाडी तुम्ही चालवता. तुम्हाला काय वाटतं?"

आबांना तो प्रश्न झोंबला. आजवर कोणी त्यांच्या चालवण्यावर बोट ठेवलं नव्हतं.

"मी चालवतो तोवर कायले पाहिजे सीट?" ते म्हणाले. "मायच्या मांडीहून पक्की जागा आहे का दुनियेत? रितिका मॅडम घेतातच की मांडीवर. त्यापेक्षा गाडीत गाणे लावायची सिस्टम बसवा. लेकरं रमतात."

शोभाताई हसल्या. सिस्टमसाठी आणि नव्या सीटकव्हरसाठी पैसे बाजूला ठेवायचं ठरलं. त्या दिवशी गाडीत रितिका खिडकीबाहेरच बघत राहिली.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातून तीन वर्षांच्या मुलीला आणायचं होतं. भूमिका तिचं नाव. आई बाळंतपणात गेली, बाप कधीचा परागंदा, आणि आजीचे डोळे पार गेलेले. आजीनं तिला तेल लावून, वेणी घालून गाडीत बसवलं आणि ओट्यावर जाऊन पाठ फिरवली. भूमिका रितिकाच्या मांडीवर बसली. रडली नाही, बोलली नाही. आबांनी फुटाणे दिले, ते मुठीत घट्ट धरून बसली.

दोन्हीकडे तुरीचं रान होतं. रस्ता मोकळा, दिवस लख्ख, गाडीचा वेगही बेताचा. आणि एकाएकी तुरीतून एक रोही, भला थोरला नीलगायीचा नर, उडी मारून थेट गाडीपुढे आला. आबांनी ब्रेक दाबला. अगदी जसा दाबायला पाहिजे तसाच दाबला. गाडी घसरली नाही, वळली नाही, रोह्याच्या शेपटीला धक्का न लावता उभी राहिली.

पण मागे भूमिका रितिकाच्या हातांतून निसटून पुढच्या सीटवर आदळली होती. रितिकानं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी निसटली. ओठ फुटला होता आणि पुढच्या दाताचा टवका उडाला होता. फुटाणे गाडीभर झाले होते.

आबा दार उघडून धावत मागे आले. लेकरू रक्ताळलेल्या तोंडानं त्यांच्याकडे बघत होतं आणि अजूनही रडत नव्हतं. तिनं भोकाड पसरलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मी पक्कं धरलं होतं हो आबा," रितिका रडवेली होऊन म्हणाली.

"तुझी चूक नाही पोरी," आबा म्हणाले. आजवर ते तिला मॅडमच म्हणत आले होते. "माझीही नाही. त्या जनावराचीबी नाही. पण लेकरू तर लागलं ना?"

डॉक्टरांनी तपासलं, दाताचं पुढे बघू म्हणाले, काळजीचं कारण नव्हतं. तरी त्या संध्याकाळी आबांना जेवण गेलं नाही. शामलाबाईंनी विचारलं, "काहून? भाजी खारट झाली का?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. शामलाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मांडी मायेची असते, पण तिले कुठं पट्टा असते?" दुसऱ्या दिवशी आबा तडक शोभाताईंच्या खोलीत गेले. "गाण्याची सिस्टम नको. कव्हर नको. त्या पैशात सीट घ्या," म्हणाले. "गाणे काय, मी म्हणून घेईन."

पैसे बेताचे, तेव्हा घ्यायची वस्तू पारखून घ्यायला हवी होती. रितिकानं मोबाइलवर वाचून ठेवलं होतंच. ती आणि आबा सीताबर्डीच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं आधी सगळ्यात स्वस्त वस्तू पुढे केली. ती म्हणजे एक रंगीत गादी आणि तिला शिवलेले चार पट्टे. "हीच जास्त खपते," तो म्हणाला.

आबांनी एक पट्टा हातात घेतला, पायानं गादी दाबली आणि असा हिसका दिला की शिलाई चर्रकन उसवली.

"काका, फाडता का!" दुकानदार ओरडला.

"माझ्या म्हाताऱ्या हातानं फाटली, तं ब्रेकनं काय होईन, सांगा?"

मग दुकानदारानं सगळ्यात भारी सीट काढली. दिसायला सिंहासन, पण ती बसवायला गाडीतच लोखंडी कड्या लागायच्या आणि आपल्या व्हॅनमध्ये तशा कड्या नाहीत, हे रितिकानं खाली वाकून कागद वाचल्यावर सांगितलं. शेवटी मधल्या भावाची एक साधी करडी सीट त्यांना पसंत पडली. गाडीच्या नेहमीच्या पट्ट्यानं ती बांधता यायची, तपासणी झाल्याचा छाप तिच्यावर होता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तान्ह्या बाळासाठी ती उलटी, मागे तोंड करून लावता यायची आणि मोठ्या मुलासाठी सुलटी. संस्थेत आज सहा महिन्यांचं, तर उद्या तीन वर्षांचं लेकरू यायचं. एकाच सीटमध्ये दोघांची सोय झाली.

दुसरी सीट विकत घ्यायला पैसे उरले नाहीत. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरबाईंनी मुलगा मोठा झाला म्हणून त्यांची सीट देऊ केली. फुकटची वस्तू, पण आबांनी ती उचलायच्या आधी स्पष्टच विचारलं, "बाई, राग मानू नका, पण ही सीट असताना तुमची गाडी कुठं ठोकली तं नव्हती?" रितिकानं त्यांना सांगून ठेवलं होतं की एकदा मार खाल्लेल्या सीटला वरून दिसत नाही, पण आतून तडा गेलेला असू शकतो. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "ठोकली नाही हो. यांना तर गाडी गॅरेजबाहेर काढायचीच भीती वाटते." मग आबांनी ती घेतली.

पण व्हॅनमध्ये बांधायला पट्टे कुठे होते? कधी काळी कोणीतरी चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हराखाली ते दबून गेले होते. आबांनी एक अख्खी दुपार कव्हर उसवण्यात घालवली. आतून भुईमुगाची टरफलं, बांगडीचा तुकडा, एक चिमुकला मोजा आणि सरतेशेवटी तीन धडधाकट पट्टे निघाले. सीट ठेवून, तिच्यात गुडघा रोवून, सगळा भार देऊन त्यांनी पट्टा ओढला. रितिकानं सीट हलवून पाहिली. हलली. "पुन्हा आबा." त्यांनी पुन्हा ओढला. घामाघूम झाले, तेव्हा कुठे ती समाधानानं मान डोलावून म्हणाली, "आता जमलं."

सीट जमली, पण भूमिकेचं काय? गाडी दिसली की ती दाराआड लपायची. त्या करड्या सीटमध्ये बसवायला गेलं की अंग ताठ करून धनुष्यासारखी मागे वाकायची. तिला उचलून कोंबावं, हे आबांच्या मनाला पटेना.

त्यांनी सीट गाडीतून काढली आणि बालघराच्या व्हरांड्यात आणून ठेवली. पुढे एक बादली पालथी घातली, तिच्यावर स्वतः बसले, हातात जेवणाचं ताट धरलं आणि ते गरागरा फिरवत तोंडानं गाडी सुरू केली. "चला, कामठी, कन्हान, रामटेक! कोण येते?" बघता बघता पोट्ट्यांची रांग लागली. प्रत्येकाला सीटमध्ये बसायचं होतं, प्रत्येकाला पट्ट्याच्या कुलपाचा तो 'टक्' आवाज करायचा होता. भूमिका खांबाला धरून लांबून बघायची.

एके दिवशी दुपारी स्वयंपाक करणाऱ्या प्रेमलताबाईंचा आरडाओरडा ऐकू आला. भाजीसाठी आणलेला दुधी भोपळा गायब झाला होता. शोधत शोधत सगळे व्हरांड्यात आले, तर दुधी सीटमध्ये बसलेला. दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेतलेले, आणि भूमिका खाली वाकून, जीभ बाहेर काढून, कुलूप लावायची खटपट करत होती.

"काहून वं, भोपळ्याले कुठं घेऊन चालली?" आबांनी विचारलं.

"दवाखान्यात," ती म्हणाली. आबांशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

"पट्टा कायले?"

तिनं आपल्या तुटक्या दातावर बोट ठेवलं.

प्रेमलताबाईंनी त्या दिवशी दुधीऐवजी बटाटे केले. दोन-चार दिवस दुधीनं रामटेक-कामठी केलं आणि मग एका सकाळी भूमिका त्याला खाली उतरवून स्वतः चढून बसली. रामदासपेठेत दाताच्या डॉक्टरांकडे ती त्याच सीटमध्ये बसून गेली. वाटेत आबांनी कबूल केल्याप्रमाणे गाणी म्हटली. आवाज भसाडा, पण मागून टाळ्या पडत होत्या.

उन्हाळा लागता लागता भूमिकेला आईबाप मिळाले. अमरावतीचे सोनिका आणि हर्षित. कितीदा तरी भेटून गेले, खेळून गेले, आणि सगळे सोपस्कार उरकून न्यायला आले, त्या दिवशी बालघरात सगळ्यांचेच डोळे भरलेले. गाडी त्यांची स्वतःची, नवीकोरी. आबांनी सवयीनं मागच्या खिडकीतून आत डोकावलं. मागची सीट रिकामी होती.

आबा घुटमळले. परक्याच्या आनंदात आपण पाय घालावा का? पण राहवलं नाही. "ताई, लेकराले कुठं बसवाल?"

"मांडीवर," सोनिका म्हणाली. तिनं भूमिकेला छातीशी धरलं होतं. "किती वर्षं वाट पाहिली, काका. आज तरी माझ्या मांडीवर घेऊ द्या."

रितिकानं मान खाली घातली. आबाच पुढे झाले.

"मीबी हेच म्हटलं होतं, ताई. भर मीटिंगमध्ये. मांडीहून पक्की जागा नाही म्हणून." त्यांनी भूमिकेच्या दाताकडे बोट केलं. "हा दात मांडीवरूनच तुटला. गाडी मी चालवून राहिलो होतो. धरणारीनं जीव लावून धरलं होतं."

सोनिका पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. हर्षितनं हळूच विचारलं, "काका, कुठं मिळेल सीट?"

मग निरोप तासाभरानं पुढे गेला. आबा त्यांच्यासोबत सीताबर्डीला गेले. दुकानदारानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि आतल्या पोऱ्याला हाक मारली, "अरे, ती गादीवाली आत ठेव, काका आले!" आबांनी या गाडीतल्या लोखंडी कड्या बघितल्या, सीट निवडली, हर्षितला ती लावायला शिकवली. भूमिका आपणहून चढून बसली. 'टक्'. मग तिनं शेजारच्या जागेवर हात थोपटला आणि सोनिकाला म्हणाली, "तू इथं."

सोनिका बाजूला बसली. तिनं आपला हात पुढे केला, तो भूमिकेनं दोन्ही हातांत घेतला. गाडी सुरू झाली तशी पोर खिडकीतून ओरडली, "आबा, तू चालव!"

"आता तुझे बाबा चालवतात, वं," आबा म्हणाले. "त्यांच्याकडून गाणं म्हणून घे."

गाडी अमरावती रोडला लागून गर्दीत दिसेनाशी झाली. आबा दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसले. दुकानदारानं चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सावनेरहून एका तान्ह्या बाळाला आणायचं होतं. आबांनी सकाळी लवकर जाऊन करडी सीट सोडवली, उलटी फिरवली आणि गुडघा रोवून पट्टा ओढला. रितिकानं हलवून पाहिलं. येताना ती बाळाशेजारी बसली, आबांनी हलक्या आवाजात एक भजन धरलं. बाळ सावनेरपासून जे झोपलं, ते गतिरोधकावरसुद्धा जागं झालं नाही.