कासरा कोणाच्या हाती

मल्लेशन्नाचं नाव आधी लिहितो. तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, इकडं ओमानमध्ये शाळेची बस चालवतो. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून तेलुगूतला अन्ना. पुढं जे लिहितो आहे त्यात एक नवी गाडी आहे, माझी बायको आहे, माय आहे आणि मायचे डोळे आहेत. त्यातला एक डोळा मल्लेशन्नामुळं राहिला. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या, पण हे नाव तेवढं विसरू नका.

आम्ही निघालो त्या दिवशी माय आदिलाबादकडच्या बोथच्या फाट्यापर्यंत आली होती. गावातून ऑटोत बसून आली, सगळी वाट माझं मनगट धरून. माझ्या बायकोला, सुनीताला, ओमानमधल्या निझव्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि तिच्या मागं मी चाललो होतो. आमच्याकडं नवरा पुढं जातो, जम बसला की बायकोला नेतो. आमचं उलटं. फाट्यावरच्या चहावाल्यानं हसत विचारलंही, सूनबाई नोकरी करन, पण गजू तिकडं काय करन? मायनं मान न वळवता सांगितलं, "गजू जगन. अजून काय पाह्यजे?"

हैदराबादची बस आली तेव्हा मायनं मला काही सांगितलं नाही, सुनीताला सांगितलं. लहानपणापासून मी ऐकत आलेलंच वाक्य होतं ते. "पाण्याजवळ नोको, जाळाजवळ नोको, चाकाजवळ नोको. ह्याले सांभाळ बाई." सुनीतानं तिच्या पायाला हात लावला. मी खिडकीतून बघत राहिलो. माय दोन्ही डोळ्यांनी बघत होती. तेव्हा त्यात लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मला फिट येतात. आता येत नाहीत, पण यायच्या. सातवीत भूगोलाच्या तासाला बाकावरून खाली पडलो, तोंडाला फेस आला, पोरं ओरडत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घरी येऊन सांगितलं की याला काही दिवस घरीच ठेवा. ते काही दिवस संपलेच नाहीत. आमच्या घरात या आजाराचं नाव कोणी घेत नसे. नाव घेतलं की ऐकून येतं, असं माय म्हणायची. 'ते' म्हणायचं फक्त. 'ते' आलं होतं, 'ते' गेलं. विहिरीवर मी एकटा कधी गेलो नाही, चुलीपुढं बसलो नाही, आणि बाबांच्या माघारी माय स्वतः बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, हाकायची तेव्हा मला मागं कापसाच्या गाठोड्यात खोल बसवायची, चाकापासून लांब.

सुनीता मुधोळची. आदिलाबादच्या दवाखान्यात शिकत होती तेव्हा मी तिच्या वॉर्डात होतो. 'ते' आलं तेव्हा बाकी सगळे मागं सरले, हिनं मला कुशीवर वळवलं आणि शांत होईपर्यंत डोक्याखाली हात ठेवला. माय कोपऱ्यातून बघत होती. हे करणी नाही, आजार आहे, गोळी रोज घ्यायची, बस्, असं आम्हाला सांगणारी ती पहिली. पुढं लग्न ठरलं तेव्हा तिच्या घरच्यांनी खूप विरोध केला. तिनं ऐकलं नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून मला 'ते' पुन्हा आलं नाही.

निझव्याला मी एका मेसमध्ये चपात्या भाजतो. मोठा तवा, खाली गॅसचा जाळ. म्हणजे मायचं एक 'नोको' मोडलंच, पण गोळी चुकवत नाही आणि शेजारी कायम कोणी तरी असतं. आमचा अरबाब, म्हणजे मालक, भला माणूस आहे. काहीही सांगा, 'माफी मुश्किल' म्हणतो, काही अडचण नाही. पण लायसनची अडचण होती आणि ती बरोबरच होती. मला गाडी चालवता येणार नाही, कधीच. आणि सुनीताच्या दवाखान्याची बस बंद झाली. ड्यूटी सुटल्यावर ती त्या उन्हात रस्त्याच्या कडेला टॅक्सीची वाट बघत उभी राहायची आणि मी इकडं तव्यासमोर चपात्या करपवायचो. एका शुक्रवारी मीच म्हणालो, आपण गाडी घेऊ, तू शीक.

इथं लायसनसाठी ड्रमांची परीक्षा असते. चार पिंपांच्या मधून गाडी उलटी आत घालायची, धक्का न लावता. सुनीता पहिल्यांदा नापास झाली आणि रडली. मल्लेशन्ना आमच्याच इमारतीत खाली राहायचा. त्यानं सुपरमार्केटची ट्रॉली आणली, मागच्या रिकाम्या जागेत तेलाचे डबे उभे केले आणि तिला ट्रॉली उलटी ढकलायला लावली. "चेल्लेम्मा, मागं बघ. पुढं बघून मागं कोणी जाते का?" चेल्लेम्मा म्हणजे धाकटी बहीण. आजूबाजूचे बंगाली, केरळी सगळे गॅलरीत येऊन हसायचे. एकानं विचारलं, दीदी, सवारी कहाँ तक? सुनीता त्या ट्रॉलीवर घामाघूम व्हायची. पुढच्या परीक्षेत मात्र पिंपाला हवाही लागू दिली नाही.

गाडी नवीच घेतली. जुनी वाटेत बंद पडली तर, ही भीती माझी. शोरूममधला पोरगा चावी पुन्हा पुन्हा माझ्याच हातात द्यायचा आणि मी ती सुनीताकडं सरकवायचो. शेवटी त्यालाच हसू आलं. पांढरी, लहानशी गाडी. मल्लेशन्नानं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग सुनीता म्हणाली, बस आत, मायला फोटो पाठवू. मी पुढं बसलो, कोपर खिडकीबाहेर काढलं, ती बाहेर उभी राहिली आणि तिनं फोटो काढला. दादानं, माझ्या मोठ्या भावानं, तो अख्ख्या गावाला दाखवला.

इथं काय झालं ते गावाकडच्यांना सांगायलाच पाहिजे, आणि माझ्यासारखे जे बाहेर आलेत त्यांच्या तर लगेच ध्यानात आलं असेल. ओमानमध्ये गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला असतं. बाजूला बसणारा उजवीकडं. फोटोत मी उजवीकडं बसलो होतो, स्टिअरिंग दिसत नव्हतं. आपल्याकडं उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर. गावानं बघितलं आणि ठरवलं, गजू गाडी चालवून राह्यला.

आम्हाला दोघांना हे सुचलंही नाही. लोकांनी फोनवर कौतुक केलं, गजूनं नाव काढलं म्हणाले, मी गाडीचंच कौतुक समजलो. मायनं एवढंच विचारलं, "गाडी लय जोरात पळते का?" मी म्हटलं, वाऱ्यासारखी. किती खूश होऊन म्हटलं होतं मी ते.

त्यानंतर मायनं गाडीत पाय ठेवला नाही. बोथच्या बाजाराला ती चालत जायला लागली, भाजीचं ओझं डोक्यावर घेऊन. ऑटोवाले थांबायचे, ती हात हलवून पुढं निघायची. दादाला सांगायची, गाडीत चक्कर येते. तेवढ्यातच तिला डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. सुई ओवता येईना, कडेनं येणारं माणूस दिसेना. दादानं आदिलाबादच्या डॉक्टरकडं न्यायला दारात ऑटो आणून उभा केला. माय ओट्यावर बसून राहिली. दादा चिडला, म्हातारपणाचा हट्ट म्हणाला. मी फोनवर म्हणायचो, माय, जा ना. "जाईन रे," म्हणायची. दर वेळी म्हणायची. अन् मी फोन ठेवून चपात्या लाटायला लागायचो.

तसंच होत राहिलं आणि मल्लेशन्ना सुट्टीवर निघाला. मी त्याच्याजवळ मायसाठी खजूर आणि एक मऊ चप्पल दिली. बेल्लमपल्लीला घरी एक मुक्काम करून तो चुलतभावाची कार घेऊन आमच्या गावी गेला. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, इतक्यांदा सांगायला लावलं मी त्याला की आता मीच तिथं होतो असं वाटतं.

माय चाचपडत दारात आली. मल्लेशन्नानं ओळख सांगितली. मायनं त्याला पाणी दिलं, बसवलं आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, "गजू चालवते तवा तू बाजूले असते ना?"

अन्नाला कळेना. "काय चालवते अम्मा?"

"गाडी. त्याले 'ते' आलं तर बाजूचा माणूस पाह्यजे ना."

अन्ना म्हणाला, अम्मा, गजू कुठं गाडी चालवतो? मायला वाटलं हा आपली समजूत घालतो आहे. फोटो पाह्यला मीनं, म्हणाली. आणि मग तिनं त्या परक्या माणसाला ते सांगितलं जे दादाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. फोटो बघितला त्याच दिवशी ती मारुतीपुढं उभी राहून बोलली होती. लेकराच्या हातून ती गाडी सुटेल तोवर मी कोणत्याच गाडीत बसणार नाही, माझी चाकं घे अन् त्याला सांभाळ. थेट मलाच फोनवर विचारायचं तर तिला 'त्याचं' नाव घ्यावं लागलं असतं, आणि परमुलखातल्या लेकराच्या कानावर ते नाव तिला घालायचं नव्हतं.

मल्लेशन्नानं लगेच मला व्हिडिओ कॉल लावला. दुपारची वेळ, सुनीता नुकतीच आली होती. आम्ही खाली धावलो, गाडीभोवती फिरून तिला स्टिअरिंग दाखवलं, सुनीताला बसवून दाखवलं. माय मोबाईल डोळ्यांजवळ घेऊन, लांब धरून, तिरका करून बघत राहिली. तिला काही दिसत नव्हतं. "उजेड दिसते," म्हणाली. तेव्हा मला कळलं की गोष्ट कुठवर गेली आहे. 

अन्नानं फोन बंद केला नाही, ओट्यावर ठेवला. मला नुसते आवाज येत होते. तो तिला हात धरून दारातल्या कारपर्यंत घेऊन गेला. बस म्हणाला नाही, बसली नसतीच ती. बाहेर उभं राहूनच तिचा हात उघड्या दारातून आत नेला, स्टिअरिंगवर ठेवला. हे आपल्याकडचं, म्हणाला. मग पलीकडच्या दाराशी नेलं, रिकाम्या जागेवर तिचा हात फिरवला. तिकडच्या देशात ते चाक इथं असते अम्मा. तिकडं उलटं.

 मग मायचा आवाज आला, "म्हंजे तिकडं बैल बाजू बदलून जुपतेत."

आमच्या जोडीतला एक बैल उजवीकडंच चालायचा, दुसरा डावीकडंच. बाजू बदलली की दोघंही हलत नसत. मायनं कासरा हाती धरून त्या जोडीवर बरीच वर्षं बंडी हाकली होती. तेलुगूतही गाडीला बंडीच म्हणतात, अन्नाला लगेच समजलं. हो अम्मा, बंडी तीच, बाजू बदलली, म्हणाला.

"मंग कासरा कोणाच्या हाती?"

"कोडलु, अम्मा. कोडलुच्या हाती."

कोडलु म्हणजे सून. एवढी तेलुगू बाजारात बसून मायला येते.  म्हणाली, "तिचा हात थिर हाय. मीनं पाह्यला हाय तो." आणि कारचं दार लागल्याचा आवाज आला. माय आत बसली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याचा उजेड गेला तो गेला, आधी आणायला पाहिजे होतं. उजवा वाचवू. ते ऐकून दादा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला असं अन्ना म्हणाला. शेतात कापूस वेचणीला आला होता, वहिनी एकटी होती, म्हणून अन्नानंच दादाला परत पाठवलं आणि मायजवळ तो राहिला. ऑपरेशन, पट्टी, थेंब, पुन्हा तपासणी. त्याची जवळजवळ सगळी सुट्टी तिथं गेली. बेल्लमपल्लीच्या क्वार्टरमध्ये त्याचे नाना, म्हणजे वडील, खाणीत काम करून छाती खरवडलेले, दाराकडं बघत होते. अन्ना विमानाआधी एक रात्र घरी राहून परत आला. मी त्याला काही बोलायला गेलो तर इकडच्या अरबीत म्हणाला, 'खल्लास, गजू', म्हणजे झालं, आता पुरे, अन् बस धुवायला निघून गेला.

मी अजून गावी जाऊ शकलो नाही. आधी मेसमधली माणसं कमी झाली, मग सुनीताची सुट्टी पुढं गेली. कारणं खरी आहेत, पण मायचा डावा डोळा काही त्यांची वाट बघत थांबला नाही. रोज सुनीताच्या शेजारी बसून मी कामाला जातो, उजवीकडच्या त्याच सीटवर. कोपर बाहेर काढत नाही. गाडी चांगली आहे, थंड आहे, सुनीता खरंच सुरेख चालवते. तरी त्या सीटवर बसलं की पाठ टेकत नाही माझी.

माय आता फोनवर रोज एकच विचारते, कासरा कोणाच्या हाती? मी म्हणतो, सुनेच्या. मंग बरं, म्हणते आणि हसते. तिला दिसतं ते फक्त उजव्या डोळ्यानं. दादा म्हणतो, डावीकडून कोणी गेलं तर दचकते. म्हणून मी ठरवून ठेवलं आहे, गेलो की ओट्यावर तिच्या उजव्या हाताला बसायचं. बाहेर आलेल्यांनो, तुम्हाला घर कुठं आहे विचारलं तर तुम्ही गावाचं नाव सांगता. मलाही पूर्वी तेच सुचायचं. आता मला ओट्यावरची ती एवढीशी जागा दिसते, आणि ती रिकामी आहे.

पण तिथंही मी आधी जाणार नाही. परवा मी मायला म्हणालो, सुट्टी मिळाली की थेट तुझ्याकडं येतो. तर म्हणाली, "नोको. आधी मल्लेसच्या बापाकडं जा. त्याचे दिस आपल्याकडं राह्यले. ते देऊन ये. मी हाय, वाट पाहाले एक डोळा बस होते."

तर अन्ना, तू हे वाचशील तेव्हा हसशील, पण हे मी लिहून ठेवतो. मी उतरेन तो बेल्लमपल्लीला उतरेन. जितके दिवस तू माझ्या मायजवळ बसलास तितके दिवस तुझ्या नानांजवळ बसेन, त्यांना दवाखान्यात नेईन, चपात्या करून घालेन. त्यानंतरच बोथची बस धरेन.