पुरावा: निरंक

नाव: प्रा. भार्गवी नरगुंदकर, संगणकशास्त्र. राहणार मळमड्डी, धारवाड. वय सत्तेचाळीस. ओळखीची खूण: वाद घालताना हातातला खडू मोडतो. संशोधनाचा विषय: वाहता डेटा. संशोधनाचा पुरावा: निरंक.

२००४ साली कॉलेजच्या संशोधन समितीने ही नोंद केली आणि बाईंना बोलावून घेतलं. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही, तर बाईंच्या व्हरांड्यात बसवलेला कॉलेजचा संगणक परीक्षा विभागात जाणार होता.

हा संगणक नळाला जोडलेला. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात नळ आधी हवाच सोडतो, आणि दाब हवेलाही असतो. बाईंचा प्रोग्रॅम दर सेकंदाला दाब वाची, शेवटच्या पाच मिनिटांवरून अंदाज बांधी, जुने आकडे टाकून देई आणि मागून खरं पाणी येतंय असं दिसलं की घंटा वाजवी. त्या घंटेवर गल्ली ड्रम लावायची.

"दोन वर्षांचा डेटा कुठंय, म्याडम?" अध्यक्ष शेषगिरीसरांनी विचारलं. सर बाईंच्या शेजारीच राहायचे. कॉलेजात ओळख दाखवत नसत, एवढंच.

"गेला."

"गेला म्हणजे? तीन प्रतींत, बाइंडिंग करून द्यायचा असतो तो!"

"न साठवता उत्तर काढायचं, हाच तर विषय आहे, सर."

चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवणाऱ्या गावात हे कुणाच्या पचनी पडेना. सरांनी तोडगा काढला. "वीज गेली, डेटा नष्ट झाला, असं लिहून द्या. मुदतवाढ देतो."

"वीज रोजच जाते. पण डेटा मी टाकलाय, समजून-उमजून. खोटं लिहून देणार नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांच्या पत्नीचा, शकुंतलाबाईंचा आवाज अख्ख्या समितीला ऐकू गेला. "अहो, भार्गवीची घंटा वाजली! पंप लावू का? नळ तर अजून फुसफुसतोय."

कोरडा चालवला की पंप जळतो. सरांचा मागच्याच महिन्यात जळला होता. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "पाणीच ना हो, म्याडम? नक्की?"

"पुरावा निरंक आहे, सर. तीन प्रतींशिवाय मी काय सांगणार?" बाईंच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

समिती छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"लाव गं," सर फोनमध्ये पुटपुटले.

मग ठराव एकमताने झाला: संशोधन सिद्ध होत नाही, उपयुक्तता आढळत नाही, संगणक परत घ्यावा. बाईंनी त्याखाली 'अमान्य' असं ठळक लिहून सही केली आणि स्कूटर काढली.

संध्याकाळपर्यंत शेषगिरीसरांच्या घरचे अकराही ड्रम भरले होते.