मॅडमचे रविवार

गायकवाड मॅडम इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आल्या की पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून म्हणायच्या, "मरा गं बायांनो, आता तरी मरा." मी नवीन लागले तेव्हा हे ऐकून दचकलेच होते. शिपायालाही अहोजाहो करणारी बाई, आणि तोंडात हे.

या बाया म्हणजे काचेखालच्या पेशी, लहान मुलांना होणाऱ्या चेतापेशींच्या कॅन्सरच्या. मॅडम दौंडला रेल्वे कॉलनीमागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी यवतला पुण्याच्या शटल गाडीत चढले की माझी जागा त्यांनी धरून ठेवलेली असायची आणि पुण्यापर्यंत शिकवणी चालायची. पी-५३ नावाचं प्रथिन म्हणजे थोरला. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणं हे त्याचं काम. मोठ्यांच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा तोच मोडलेला असतो. या मुलांमध्ये मात्र बहुधा धडधाकट असूनही गप्प. पी-७३ त्याच्याच घराण्यातला, पण उशिरा सापडला म्हणून धाकटा. अख्खा असला तर थोरल्यासारखंच काम करतो. पण त्याचं एक तोकडं रूप असतं, ते थोरल्याच्या जागेवर जाऊन बसतं. "स्वतः काही करत नाही, त्यालाही करू देत नाही. आपल्या ऑफिसात आहेत की असले," असं म्हणून मॅडम एकट्याच हसायच्या. ते तोकडं रूप कमी केलं तर थोरला कामाला लागेल का, एवढं त्यांना बघायचं होतं.

एकदा शिरूरकडची मंदाबाई आली. तिचा लहानगा याच आजाराने गेला होता. उरलेली औषधं दुसऱ्या लेकराला होतील म्हणून ती परत द्यायला आली होती. त्याच्या पोटातल्या गाठीचा तुकडा मॅडमनीच तिला विचारून घेतला होता. तिने त्याचं काय झालं विचारलं, आणि मॅडमना खोटं बोलता येत नसे. त्यातल्या पेशी अजून जिवंत आहेत, असं त्यांनी सांगून टाकलं आणि दाखवल्याही.

मंदाबाई बराच वेळ बघत राहिली. त्या काय खातात, असं तिने विचारलं. वासराच्या रक्तातलं पाणी, हे ऐकून तिचा चेहरा उतरला. "मेंढीचं दूध न्हाई का चालायचं?" ती म्हणाली. मग हळूच, "आन् रातीचं, सुट्टीचं कोण असतं हितं त्याच्यापाशी?"

"मी असते," मॅडम म्हणाल्या.

बोलून बसल्या खऱ्या, आणि मग पाळत राहिल्या. पेशींच्या बाकीच्या बाटल्या शनिवारी बघितल्या की सोमवारपर्यंत तगायच्या, पण मंदाबाईच्या मुलाच्या या एका बाटलीसाठी मॅडम रविवारीही यायच्या, दिवाळीतही. त्या बाटलीपुढे मॅडम 'मरा' म्हणत नसत. प्रयोग मात्र करायचा होता तो नेमका याच पेशींवर, आणि तो त्यांच्या हातून काही केल्या सुरू होईना. आज पाणी नाही, उद्या बघू, असं काहीतरी निमित्त निघायचं. मला त्यांची फार कणव यायची.

शेवटी त्या मला घेऊन एसटीने शिरूरला गेल्या. मंदाबाईच्या ओट्यावर बसून, मान खाली घालून, त्यांनी सगळं सांगितलं आणि त्या पेशी मारायची परवानगी मागितली. मंदाबाईने आधी चहा दिला.

"मी माझ्या लेकराला बघाया आले हुते, मॅडम," ती म्हणाली. "घरी आल्यावर ध्यानात आलं. तुम्ही दावलं ते त्याचं दुखणं हुतं. माझं पोरगं न्हाई तिथं. मारा त्याला."



प्रयोग झाला. एके सकाळी त्या बाटलीतल्या पुष्कळशा पेशी मरून, गोल होऊन, तळ सोडून वर तरंगत होत्या. मॅडमनी मला बघायला बोलावलं. "थोरला कामाला लागला," एवढंच म्हणाल्या. ज्या बातमीसाठी इतकी वर्षं घासली, ती सांगताना आवाजात आनंद म्हणून नव्हता.

संध्याकाळी यवत आलं तशी मी उठले. मॅडमनी माझी पिशवी धरून ठेवली होती.

"रविवारी तुझ्याकडे येऊ का गं जेवायला?" त्यांनी विचारलं. "आता काही काम नाहीये मला."