अंधारमावशीचा मोठा कागद

फोटोच्या दुकानातलं भांडण डार्करूमच्या पडद्याच्या पलीकडे चाललं होतं, आणि अलीकडे ती लाल दिव्याखाली ट्रेमधला कागद हलवत उभी होती.

"एवढा मोठा कागद तिच्या हातात दिलासच कसा?" हा आवाज थोरल्या दिरांचा. "पासपोर्टचे फोटो करते ना, करू दे की. मोठ्या कामाला पुरुषाचा हात लागतो."

"अरे दादा, हात चांगला आहे तिचा," नवरा म्हणाला. पण कसा म्हणाला, तर भाडेकरूनं घरमालकाशी बोलावं तसा.

"चांगला आहे ना? मग छोटे करू दे."

"बरं बाबा. छोटेच करेल."

झालं. दोघा भावांनी उभ्या उभ्या तिच्या हाताचं माप ठरवून टाकलं. ती ऐकत राहिली आणि ऐकण्याच्या नादात हात थांबला. ट्रेमध्ये शिवणयंत्रापाशी बसलेली एक तरुण बाई हळूहळू उमटत होती, छान उमटली होती, आणि नेमकं तेव्हाच तिला उचलायला हवं होतं. दुधाचं आणि फोटोचं सारखंच असतं. नजर हलली की गेलं. बाई काळवंडली, यंत्र काळवंडलं, मागची खिडकी तर पार बुजून गेली.

निथळता कागद घेऊन ती बाहेर आली. थोरल्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि धाकट्या भावाला म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं?"

त्या दुकानात तिनं बिघडवलेला मोठा फोटो तो एकच, कारण दुसरा कधी तिच्या हातात आलाच नाही.

फोटोतली बाई समोरच्या घरात राहायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्या हातचे, म्हणून सगळे तिला टाकेवाली म्हणत. नवं शिवणयंत्र घरी आलं त्या दिवशी तिनं हौसेनं फोटो काढून घेतला होता. भिंतीवर लावायला मोठा हवा होता. थोरले म्हणाले, मी करून देतो. टाकेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या हातचा नको. हिच्या हातचा मोठा मिळत असेल तर द्या, नाहीतर छोटाच राहू दे."

छोटाच राहिला. पोस्टकार्डाएवढा. त्याच्यावर दोघींची मैत्री मात्र चांगली रुंद झाली.

पुढे सगळं आयुष्य डार्करूममध्ये गेलं. नवरा बाहेर लोकांना "हनुवटी वर, हसा" म्हणायचा आणि ही आत त्यांना कागदावर आणायची. भर दुपारी बाहेर आली की घुबडासारखे डोळे मिचकवायची, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिला अंधारमावशी नाव ठेवलं. तिला राग नाही आला. पोरंच ती, आणि खोटं तरी कुठे बोलत होती? पासपोर्टचे, शाळेचे, लग्न ठरवायला पाठवायचे, असे किती चेहरे त्या हातांनी धुतले आणि वाळवले. मोठा कागद आला की तो थोरल्यांच्या टेबलावर जायचा. ती काही बोलली नाही. पण गप्प बसणं म्हणजे कबूल करणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी बाईमाणसाबरोबर संसार केलेला नसावा.

थोरले गेले, मागून नवराही गेला, दुकान गेलं. जुन्या निगेटिव्हचे डबे तेवढे तिनं पलंगाखाली आणून ठेवले. मुलगा म्हणायचा, "आई, या रद्दीचं काय करणार?" ती म्हणायची, "तुझं लोणचं घालणार."

असेच दिवस चालले असते. पण एक दिवस टाकेवालीकडे गेली, तर ती पोस्टकार्डाएवढा फोटो नाकाला टेकवून बसलेली.

"काय गं, फोटो हुंगतेस?"

"बघतेय. म्हणजे बघायला बघतेय, दिसत काही नाही. सगळा ढग." टाकेवालीनं फोटो मांडीवर ठेवला. "डॉक्टर म्हणाला, मोठ्या वस्तू काही दिवस दिसतील, मग त्याही नाहीत. घर दिसतं, दार दिसतं, तुझं नाक दिसतं."

"माझं नाक मोठं?"

"मला दिसतंय म्हणजे असणारच."

दोघी हसल्या. पण घरी येताना रस्ता ओलांडेपर्यंत अंधारमावशीचं ठरलं होतं. टाकेवालीला तिचा फोटो दिसला पाहिजे, आणि डोळे आहेत तोवर दिसला पाहिजे.

आधी सोपा रस्ता धरला. सुनेबरोबर बाजारातल्या एका फोटोच्या दुकानात गेली. त्यांनी निगेटिव्ह स्कॅन केलं, होतं तसं पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि तासाभरात मोठा फोटो हातात ठेवला. मावशी बघतच राहिली. कपाळावरची आठी गेलेली, गालावरचा तीळ गेलेला, रंग दोन हात उजळलेला. टाकेवालीनं तो डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, "ही कोण भवानी माझ्या यंत्रावर बसलीय?"

परत करायला गेल्यावर दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, मशीन आपोआप छान करतं."

"छान ती होतीच," मावशी म्हणाली. "मला तीच पाहिजे."

त्या रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "मी मोठे फोटो छापायचं यंत्र घरात आणणार आहे."

मुलाचा घास हातातच राहिला. "घरात? आई, हे घर आहे की छापखाना?"

"दोन्ही असू दे."

"ठेवणार कुठे?"

"माझ्या खोलीत."

"तुझ्या खोलीत तुझा पलंग मावत नाही धड. नाकापेक्षा मोती जड कशाला?"

"नाक माझं, मोतीही माझा. तू शिंकू नकोस म्हणजे झालं."

सून खाली मान घालून जेवत होती. जेवण झाल्यावर ती टेप घेऊन सासूच्या खोलीचं दार मोजताना दिसली. मुलानं विचारलं, "तू कुणाच्या बाजूनं आहेस?" ती म्हणाली, "मी दाराच्या बाजूनं. आणलं आणि आत गेलं नाही, तर जिन्यात कोण सांभाळणार?"

मोठ्या प्रिंटरच्या दुकानात गेल्या तेव्हा विक्रेत्यानं पहिल्यांदा सुनेकडे बघून बोलायला सुरुवात केली. सुनेनं सासूकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, "आजी, घरासाठी हा बघा. टेबलावर बसतो, छापतो, झेरॉक्स काढतो."

"कागद केवढा घेतो?"

"वहीच्या जोडपानाएवढा."

"म्हणजे मधला. छोटे मी पुष्कळ केले बाबा, आता मधल्यावर थांबायला वेळ नाही. दोन फुटी दाखव."

दोन फुटी दोन होते. एक इमारतींचे नकाशे छापायचा, स्वस्तातला, भराभर चालणारा. दुसरा फोटोंसाठीचा, जास्त शायांचा, अंगानं म्हशीसारखा. मावशीनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. "पूर्ण फोटो नको. दोन्हींवर एकेक पट्टी काढ. डोळ्यापासून हातापर्यंत." डार्करूमची सवयच ती. अख्खा कागद वापरण्याआधी पट्टी करून बघायची. माणूस पारखायचं असं काही साधन असतं, तर कितीतरी संसार वाचले असते.

दोन्ही पट्ट्या घेऊन ती दुकानाबाहेर फुटपाथवर गेली. विक्रेता मागे धावला. "आजी, कुठे निघालात?"

"उन्हात. तुझ्या ट्यूबलाइटखाली सगळेच देखणे."

उन्हात धरल्यावर नकाशेवाल्या पट्टीतली टाकेवाली हिरवट पडली होती, चार दिवस ताप काढल्यासारखी. दुसऱ्या पट्टीत तीळ तिळाच्या जागी होता आणि करडा रंग करडाच होता. विक्रेत्यानंही डोकावून पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "नकाशेवाल्यात करड्या शाया नाहीत आजी. काळा-पांढरा फोटो त्याला जमत नाही. पण हा दुसरा म्हणजे दुभतं जनावर. दर आठवड्याला काहीतरी छापावंच लागतं, नाहीतर शाई वाळून तोंडं बुजतात. स्विचही बंद करायचा नाही. घरात ठेवायला जड जातो, हे आत्ताच सांगतो."

"चांगलं केलंस सांगितलंस. पाठव घरी."

नवऱ्याचा जुना कॅमेरा आणि दुकानातलं उरलंसुरलं विकून आलेले पैसे तिच्याजवळ होते. त्यातून यंत्र आलं. पलंग गेला, त्या जागी एक अरुंद खाट आली. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे. मुलगा रोज दारातून बघायचा आणि नुसता सुस्कारा टाकायचा. तो सुस्कारा पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी काळजीही घ्यायचा.

पहिला फोटो छापायचा दिवस उगवला. सुनेनं कॉम्प्युटरवर सगळं लावून दिलं आणि चहा ठेवायला गेली. तेवढ्यात मावशीनं काय करावं? खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दिवा घालवला, आणि डब्यातून आणलेला जुना लाल दिवा लावून मगच कागदाचं खोकं फोडलं. जन्मभर हात तेच शिकले होते. फोटोचा कागद उजेडात उघडायचा नसतो, उघडला की मेला. या नव्या कागदाला उजेडाचं काही सोयरसुतक नाही, हे डोक्याला माहीत होतं, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. त्या लाल अंधारात बोटांनी चाचपून गुळगुळीत बाजू वर घातली. जुन्या कागदाची ती सरळ बाजू असायची. या कागदाची ती पाठ निघाली.

यंत्र कुरकुरत चाललं, कागद बाहेर आला, आणि शाई काही मुरेना. टाकेवालीचं तोंड ओघळून तिच्या यंत्रावर सांडलं. एका बाजूनं खिडकी वाहत होती.

मुलगा दारात उभा होताच. त्यानं दिवा लावला, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ! म्हटलं नव्हतं?"

तो आपला बोलून गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पण सून चहाचे कप घेऊन आली ती दारातच थांबली, कारण सासूचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

"हे तुझ्या काकांचं वाक्य," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मुलगा दचकला. "एक कागद बिघडला आणि हे वाक्य आलं, आणि मी मान खाली घालून छोट्याकडे परत गेले. तेव्हा मी नवी नवरी होते. आता मी तुझी आई आहे. दहा बिघडवीन. खोकंभर बिघडवीन. अकरावा होईल. तुला बघायचं असेल तर आत ये, नाहीतर दार लावून घे, कागदावर धूळ येतेय."

मुलगा आत आला. खाटेवर बसला, कारण दुसरी जागाच नव्हती.

सुनेनं खोक्यावरचं वाचलं. "आई, खरखरीत बाजू वर घालायचीय."

"पडदे उघड," मावशी म्हणाली. "सगळे."

भर उन्हात तिनं दुसरा कागद लावला. यंत्र परत कुरकुरलं. आधी खिडकी आली, मग कपाळ, कपाळावरची आठी, तीळ, मग खांदा, आणि शेवटी यंत्राच्या चाकावर ठेवलेला तो तरुण हात. तिघंही कागदाकडे अशी बघत राहिली की चहावर साय आली. कागद बाहेर पडल्यावर मावशीनं लगेच हात लावला नाही. वाळू दिला. घाई करणाऱ्यातली ती नव्हतीच.

गुंडाळी काखेत घालून ती रस्ता ओलांडून गेली. टाकेवालीच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर चारी कोपरे टाचले आणि तिला खांद्याला धरून समोर उभं केलं.

टाकेवालीनं कागदावरच्या कपाळाकडे बोट नेलं. मग म्हणाली, "आठी आहे."

"आहे."

"चाकावर हात आहे माझा." ती जवळ गेली, मागे आली, परत जवळ गेली. "दिसतंय गं. मेला तीळसुद्धा दिसतोय." आणि मग डोळे पुसत म्हणाली, "फार उशीर केलास. केवढी ताटकळले मी यंत्रापाशी!"

त्यानंतर यंत्र कधी बंद झालं नाही. मुलगा आधी झोपण्यापूर्वी घरातले सगळे स्विच बंद करत फिरायचा, आता त्या एका स्विचवर त्यानंच चिकटपट्टी लावली. आठवड्याला एक छापावाच लागतो, मग मावशी डब्यांतून एकेक निगेटिव्ह काढायची आणि सून ते बाजारातून स्कॅन करून आणायची. ज्यांना तिनं जन्मभर अंगठ्याएवढं छापलं, ते आता दोन फुटी होऊन निघू लागले. पाणीवाला, शाळेतली घंटा वाजवणारी बाई, पासपोर्ट काढूनही कधी कुठे न गेलेला न्हावी. छापायचं, वाळवायचं, आधी टाकेवालीला दाखवायचं आणि मग ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं. कुणी विचारलं नाही, कुणी मागितलं नाही. ती नेऊन द्यायची.

पुढे टाकेवालीला काहीच दिसेनासं झालं. तरी क्रम मोडला नाही. मावशी कागद तिच्या मांडीवर पसरायची, टाकेवाली बोटांनी कडा चाचपायची आणि मावशी सांगायची.

मावशीच्या आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यातही ती तशीच गुंडाळी घेऊन गेली. दम लागत होता, म्हणून उंबऱ्यावर जरा टेकली. नंतर आत गेली.

"आज कोण?" टाकेवालीनं विचारलं.

"थोरले भाऊजी."

टाकेवालीची बोटं कागदावर थांबली. "मोठे केलेस?"

"दोन फुटी. मिशीचा केस न केस आलाय. आणि आठी आहे तशी ठेवलीय."

"गोरे-बिरे नाही ना केलेस?"

"होते तेवढेच ठेवले."

दोघी इतक्या हसल्या की टाकेवालीला ठसका लागला. तिला पाणी देऊन मावशीनं कागद परत गुंडाळला आणि गल्लीच्या टोकाला थोरल्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. फोटो पाहून तिला भरून आलं. "अगबाई, मामंजी! काकू, किती सुंदर. कुणी छापला?"

"मी," अंधारमावशी म्हणाली. चपला काढल्या नव्हत्या, तशीच वळली, आणि घरी येऊन पुढच्या आठवड्याचं निगेटिव्ह काढून खिडकीत उजेडाला धरलं.