एका महिन्याची तोंडं

"मेलेल्याला लागत नाही. लागतं ते बघणाऱ्याला."

चुनेवाली हे एकदा शवागारातल्या नोकराला म्हणाली होती, मेणाचा गोळा काखेत धरून उबवताना. समोरच्या टेबलावर एक आर्किटेक्ट पडला होता. त्यानेच बांधलेल्या इमारतीचा सज्जा त्याच्या अंगावर कोसळला होता आणि डोक्याची डावी बाजू आत गेली होती. नोकर म्हणाला होता, "आहे तसंच घ्या की, बाई. त्याला आता कुठे आरशात बघायचंय?" त्यावर तिने एवढं उत्तर दिलं आणि मेण चेपत चेपत त्याचं कपाळ पुन्हा गोल केलं.

लोक तिला चुनेवाली म्हणत, पण चुन्याला तिने जन्मात हात लावला नव्हता. तिचं काम प्लास्टरचं. शहरातलं कुणी नावाजलेलं माणूस गेलं की नगराच्या सभागृहातून तिला बोलावणं येई. ती मेलेल्या चेहऱ्याचा साचा घेई, साच्यातून मुखवटा ओती, आणि महिना सरला की त्या महिन्यात गेलेल्यांचे मुखवटे तिथल्या भिंतीवर एका ओळीत लागत. इथली रीत अशी होती की माणसं कामावरून नाही, महिन्यावरून लावायची. म्हणून न्यायाधीशाशेजारी सर्कशीतला विदूषक होता आणि विदूषकाशेजारी एक बिशप. जन्मभर ज्यांनी एकमेकांच्या सावलीला उभं राहायचं टाळलं, ते केवळ एका महिन्यात मेले म्हणून कायमचे शेजारी झाले होते. ज्यांनी हाताच्या जोरावर नाव काढलं त्यांचा हातही मुखवट्याखाली लागे. सर्जनचा हात, शिल्पकाराचा हात.

हे काम तिने सासऱ्याकडून घेतलं होतं. चेहऱ्याला तेल लावायचं, भुवयांना साबण. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध एक दोरा ठेवायचा आणि वर प्लास्टर ओतायचं. ते आळत आलं की दोरा ओढायचा, म्हणजे साचा दोन फाकांत सुटतो. पण या सगळ्याआधी मेण. गोळीचं भोक असो, फुटलेला ओठ असो, आधी मेणाने भरून घ्यायचं. सासरा म्हणत असे, भिंतीवरचं माणूस झोपल्यासारखं दिसलं पाहिजे, नाहीतर शाळेची पोरं घाबरतात. वीस-बावीस वर्षांत तिच्या बोटांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की बाजारात फुटका टोमॅटो दिसला तरी तिचा अंगठा त्याच्यावरून फिरे.

त्या महिन्यात मात्र मेण पुरेना. आर्किटेक्टनंतर चार दिवसांनी एक गायिका आली. तिच्या नवऱ्याने तिचं डोकं आरशावर आपटलं होतं, आरसा फुटेपर्यंत आणि त्यानंतरही. मग रसायनशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक. त्यांच्या हातातलं काचेचं भांडं फुटलं होतं. त्यांच्या गालांतून ती दुपारभर चिमट्याने काचा उपसत होती आणि प्रत्येक काच बशीत टण् करून पडत होती.

सभागृहाचे व्यवस्थापक हिशेबाच्या खोलीतही टाय बांधून बसत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे टाय म्हणत. ते म्हणाले, "या महिन्याला झालंय काय, बाई? लोक सरळ मरायचं विसरलेत का?"

"दुष्काळात तेरावा महिना असतो म्हणतात ना, सर. हाच असेल."

याच्या तिसऱ्या दिवशी तिला शवागारातून पुन्हा निरोप आला. टेबलावर तिचा धाकटा भाऊ होता.

सगळं शहर त्याला हातोडा म्हणे. गोदीत पोती वाहता वाहता तो बॉक्सर झाला, तीन वेळा देशात पहिला आला, आणि पहिला आला तरी संध्याकाळी गोदीतल्या पोरांना ठोसे शिकवायला जायचा. त्या महिन्यात गोदीच्या हमालांनी संप केला. हातोडा फाटकासमोर त्यांच्यात जाऊन बसला. फोटो छापून आले. पोलीस त्याला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आलं, की जिन्यावरून पडला.

शहरात पोलीस प्रमुखांची एक ख्याती होती. ते काठी वापरत नसत. "काठी म्हणजे भित्र्याचं काम. मी हाताने बोलतो," असं ते मेजवान्यांतसुद्धा हसून सांगत, आणि ऐकणारेही हसत.

शवागाराच्या दारात दोन शिपाई उभे होते. नोकर खाली मान घालून म्हणाला, "बाई, घाई करा म्हणालेत. आणि जरा बरं करून घ्या म्हणालेत."

तिने दार लावून घेतलं. चादर काढली. उजवी भुवई हाडापर्यंत फाटली होती. गालाचं हाड बसलं होतं. जबडा एका बाजूला ओघळला होता, वरचा ओठ मधोमध चिरला होता, आणि समोरचा एक दात तुटून त्याचा टोकदार खुंट राहिला होता. मनगटांवर दोरीचे वळ होते. बोटं अशी मोडली होती की मूठ करता आली नसती. बॉक्सरच्या मुखवट्याखाली मूठ लागायला हवी होती, पण घेण्यासारखी मूठच उरली नव्हती.

ती रडली नाही. तिने पिशवी उघडली, मेण काखेत धरलं आणि कामाला लागली. भुवई शिवल्यासारखी जुळवली. गाल भरला. जबडा वर ढकलून पट्टीने बांधला. ओठावर मेणाचा बारीक धागा ठेवून तो नखाने गुळगुळीत केला. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. दाराबाहेरून ऐकणाऱ्या नोकराने नंतर सांगितलं, "झालंच हं, झालंच," असं काहीतरी होतं, लहान पोराच्या गुडघ्याला औषध लावताना म्हणतात तसं. मग तेल, साबण, दोरा, प्लास्टर. प्लास्टर आळताना गरम होतं. त्याच्या चेहऱ्यावर ठेवलेल्या तळहातांना ऊब लागली तेव्हा मात्र तिला तिथे उभं राहणं जड गेलं.

तिने साचा काढला आणि शिपायांनी देह उचलला. पोलिसांच्या गाडीतूनच तो स्मशानात गेला. घरच्यांना पाच पावलं लांब उभं केलं होतं. तोंडावरचं कापड कुणालाही उघडू दिलं नाही.

दोन दिवसांनी भावजय तिच्या कामाच्या खोलीत आली.

"वन्सं, तुम्ही एकट्यांनीच बघितलंत त्यांना. मला साचा दाखवा."

मुखवटा ओतून झाला होता. चुनेवालीने त्यावरचं ओलं फडकं काढलं. भावजयने वाकून बघितलं.

"हे कोण?"

"अगं, असं काय करतेस?"

"हा कुणीतरी जेवून झोपलाय. माझ्या नवऱ्याला मारलंय. कुठे मारलंय ते सांगा."

चुनेवालीने सांगितलं. मुखवट्यावर बोट ठेवत ठेवत सांगितलं, इथे हाड दिसत होतं, इथे खड्डा होता, इथे चिरलं होतं, आत दात तुटला होता. सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला. बोट गुळगुळीत प्लास्टरवरून फिरत होतं आणि ती जे बोलत होती त्यातलं काहीच तिथे नव्हतं.

"मग ते कुठे गेलं?"

"मी भरलं."

"कुणी सांगितलं होतं भरायला?"

"कुणी नाही. म्हणजे ते म्हणाले होते बरं करा, पण त्यांनी म्हटलं म्हणून नाही गं. हात गेला."

भावजयने तिच्या थोबाडीत मारली. एकदा मारली, मग दुसऱ्यांदा. चुनेवाली मागच्या फळीवर आपटली आणि फळीवरचा एका आमदाराचा जुना साचा खाली पडून फुटला.

"त्यांनी मारलं ते मारलं. पुसलंत तुम्ही," भावजय म्हणाली. "आता जिना म्हणतील तर जिना. कोण आहे नाही म्हणायला?"

ती गेल्यावर चुनेवालीने छिन्नी घेतली. आठवेल तशी भुवई फाडायला घेतली. एक टवका उडाला, दुसरा उडाला. पण प्लास्टर मांसासारखं फाटत नाही. छिन्नीची जखम ही जखम दिसत नव्हती, नक्षी दिसत होती. उद्या कुणीही म्हणालं असतं, बहिणीने कोरली. तिने छिन्नी भिंतीवर फेकून मारली आणि साच्यातून दुसरा मुखवटा ओतला. तोही तसाच निघाला, शांत.

महिना संपायला दोन दिवस असताना पोलीस प्रमुख गेले. अल्पशा आजाराने, असं जाहीर झालं. टायनी तिला प्रमुखांच्या बंगल्यावर धाडलं.

देह वरच्या खोलीत पलंगावर होता. बायको खुर्चीत बसली होती, पुतण्या दारापाशी उभा होता. चुनेवालीने त्यांना बाहेर जायला सांगितलं. हे ती सगळ्यांनाच सांगे, कारण नाकातोंडावर प्लास्टर पडताना घरच्यांना बघवत नाही. एकदा एका मुलाने बापाचा श्वास कोंडेल म्हणून अर्धा ओला साचा ओरबाडून काढला होता.

जाता जाता बायको म्हणाली, "फक्त चेहरा घ्या. हाताचं काही उघडू नका. फार सुजला होता हो. बोटावर एवढंसं लागलं होतं, पण ताप डोक्यात गेला. डॉक्टर कोपरापासून काढू म्हणाले तर ह्यांनी ऐकलंच नाही. हाताशिवाय मी कोण, म्हणाले."

दार लागलं. चुनेवालीने चादर वर केली आणि उजव्या हाताची पट्टी सोडली.

हात कोपरापर्यंत काळानिळा होऊन फुगला होता. मधल्या बोटाच्या पेरावर, मूठ वळली की सगळ्यात पुढे येतं त्या हाडावर, एक तिरपी खोल चीर होती. तिच्या कडा पांढऱ्या पडून उलटल्या होत्या. अशा चिरा तिने पाहिल्या होत्या. भाऊ सुरुवातीला गोदीत उघड्या मुठींनी लढायचा आणि हे असंच घेऊन घरी यायचा. आई त्याचा हात मिठाच्या कढत पाण्यात दाबून धरायची आणि ओरडायची, "कुत्रा चावला तर परवडला रे, माणसाचा दात वाईट!"

ती पलंगाच्या कडेवर बसली. बांधलेल्या माणसाच्या तोंडावर ठोसा बसला होता, दात तुटला होता, आणि तुटता तुटता ठोसा मारणाऱ्याच्या हाडात उतरला होता. मग तो दात महिनाअखेरपर्यंत आत काम करत राहिला होता. हातोड्याचा शेवटचा सामना त्याच्या मरणानंतर संपला होता.

तिने प्रमुखांच्या तोंडात मारली. डोकं उशीवरून घरंगळलं. तिने ते सरळ केलं आणि पुन्हा मारली. असं किती वेळा केलं ते तिचं तिला कळलं नाही. तळहाताची आग व्हायला लागली तेव्हा ती थांबली. मग केस नीट केले, तेल लावलं, दोरा ठेवला आणि चेहरा घेतला. त्याच्यानंतर हात घेतला. पिशवीतलं मेण तिने बाहेरही काढलं नाही.

नव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी सभागृहात गेली. आर्किटेक्ट, गायिका, प्राध्यापक, बॉक्सर आणि प्रमुख, असे पाच मुखवटे तिने खुंट्यांना अडकवले. आर्किटेक्टच्या मुखवट्याखाली त्याचा हात लावला. प्रमुखांचा हात मात्र तिने खुंटीला अडकवला नाही. तो तिने आदल्या रात्रीच भिंत खोदून, सळई घालून, सिमेंटमध्ये बसवला होता. मूठ अर्धी वळलेली होती आणि पेरावरची चीर दाराकडे तोंड करून होती. खिडकीतलं ऊन बरोबर त्या चिरेत पडत होतं आणि ती प्लास्टरमध्ये होती त्याहून खोल दिसत होती.

दार उघडायच्या थोडं आधी टाय आले. बाहेर लोक जमले होते. प्रमुखांची बायको पुढच्या गाडीत होती. गोदीचे हमालही आले होते, हातोड्याला बघायला.

"हा हात कुणी लावायला सांगितला?"

"हाताने नाव काढलं की हात लागतो ना, सर. प्रमुख हातानेच बोलायचे. सगळ्या शहराला ठाऊक आहे."

टाय जवळ गेले. वाकून बघितलं. एकदा हाताकडे, एकदा शेजारच्या बॉक्सरच्या मिटलेल्या ओठांकडे. ते मूर्ख नव्हते. त्यांच्या मानेवर घाम आला आणि त्यांनी टायची गाठ सैल केली. असं करताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काढा तो."

"निघायचा नाही. भिंत फोडावी लागेल."

"मग ते भरा. मेण आहे ना पिशवीत? दोन मिनिटांचं काम आहे, बाई. आयुष्यभर तेच केलंत ना?"

तिने पिशवीला हात लावला नाही.

"माझ्या पोटावर पाय आणू नका हो. बरं, माझं सोडा. तुमच्या भावाचं मी कसं मंजूर करून घेतलंय ते माझं मला माहीत. वरचे नकोच म्हणत होते. संपात बसलेला माणूस या भिंतीवर नको म्हणत होते." त्यांनी आवाज खाली आणला. "आता सरळच सांगतो. ती चीर जाईल, नाहीतर तुमचा भाऊ जाईल. काय ते तुम्ही ठरवा."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. चुनेवालीने पिशवी उघडली, मेणाचा गोळा काढला आणि टेबलावर ठेवला. टायनी सुटकेचा श्वास सोडला. मग तिने स्टूल ओढलं. ते हाताखाली नाही, भावाच्या मुखवट्याखाली. ती वर चढली, मुखवटा खुंटीवरून काढला आणि दोन्ही हातांत धरून खाली उतरली. तो झोपलेला, भरल्या पोटाचा, गुळगुळीत चेहरा तिने एकदा बघितला, डोक्याच्या वर उचलला आणि फरशीवर आपटला.

आवाजाने पहारेकऱ्याने दार उघडलं. लोक आत घुसले. सगळ्यांच्या पुढे भावजय होती. तिने फरशीवरचे तुकडे पाहिले, ओळीतली रिकामी खुंटी पाहिली, आणि मग खुंटीच्या शेजारी भिंतीतून बाहेर आलेली ती मूठ. ती पुढे गेली. चिरेत तिने स्वतःच्या बोटाचं टोक घालून पाहिलं आणि बोट तसंच ठेवून मागे वळली.

"वन्सं!"

मागचे हमाल एकमेकांना ढकलत भिंतीशी येत होते. कुणीतरी विचारलं, "दाताचं आहे का ते?" दुसरा म्हणाला, "मग काय जिन्याचं?" टाय दोन्ही हात पसरून हाताच्या पुढे उभे राहायला बघत होते आणि त्यांना कुणी उभं राहू देत नव्हतं.

चुनेवालीने प्लास्टरने पांढरे झालेले तळवे लुगड्याला पुसले, पिशवी तिथेच टेबलावर राहू दिली, आणि आत येणाऱ्या गर्दीतून वाट काढत बाहेर निघून गेली.